रासेत्सुबाई हात मागे बांधतात

हात्सुए नेगोरोबाईंना ओसाकात कुठे कुठे मज्जाव होता, हे सांगत बसलं तर दुपार होईल. कोपऱ्यावरच्या न्हाणीघरात मज्जाव, कारण रांग मोडून पुढे घुसलेल्या एका बाईला त्यांनी साबणाच्या फेसासकट उचलून गार पाण्याच्या हौदात टाकलं होतं. पाचिंकोच्या जुगारखान्यात मज्जाव, कारण गोळ्या गिळून बसलेल्या मशीनला त्यांनी डोक्याने टक्कर दिली होती आणि मशीन हरलं होतं. आळीच्या मंडळाने तर त्यांना बैठकीला बोलावू नये असा ठरावच केला. ठराव मांडणारे गृहस्थ अजूनही मान तिरकी करून चालतात.

बाईंचं तैशो भागात, कालव्याच्या काठाला धिरड्यांचं दुकान होतं. लोक त्याला ओकोनोमियाकी म्हणतात. कोबी, पीठ, अंडं, वर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, आणि सगळं तापल्या तव्यावर उलटायचं. बाई उलटत नसत, आपटत. दोन्ही हातांत लोखंडी उलथनी घेऊन त्या तव्याशी आल्या की नवं गिऱ्हाईक आपोआप पाठ ताठ करून बसायचं आणि न मागता दुसरं धिरडं सांगायचं.

हे आपटणं मुरलेलं होतं. तरुणपणी बाई कुस्तीत होत्या. बायकांची टीव्हीवरची कुस्ती, दोरांच्या चौकातली. तिथे त्यांचं नाव रासेत्सु नेगोरो. रासेत्सु म्हणजे थेट राक्षस. तोंडाला निळा-काळा रंग फासायचा, गळ्यात साखळी अडकवायची, आणि पांढऱ्या पोशाखातल्या एखाद्या गोड पोरीला केसाला धरून दोरांवर भिरकवायची. पंचाची पाठ वळली की जेवणाच्या काट्याने तिचं कपाळ उकलायचं. तिच्या पाळीला तीही बाईंचं कपाळ उकलायची. बाईंच्या उजव्या भुवईपासून केसांपर्यंत जखमांची अशी जाळी होती की पावसाळी हवेत ती खाजून सांगायची, वादळ येतंय. बाईंचा एकच धर्म होता: एक घ्यायचा, दोन द्यायचे. न फेडलेला फटका त्यांच्या उभ्या आयुष्यात एकही नव्हता.

बाकीची फेड लोक करत. गोड पोरींच्या चाहत्या बाईंना पत्रं पाठवत, त्यात दाढीची ब्लेडं असत. अमागासाकीत वडिलांचं तोफूचं दुकान होतं. त्याच्या काचा इतक्यांदा फुटल्या की वडिलांनी शेवटी फळ्या ठोकल्या आणि फटीतून तोफू विकला. आईला भर बाजारात कोणीतरी अंडं फेकून मारलं. तिने घरी येऊन केस धुतले आणि विचारलं, "हात्सुए, तुला चांगली बाई नाही का गं होता येत?"

"चांगल्या बायकांच्या जागा भरल्यात, आई."

आईबाप गेले, कुस्ती सुटली, गुडघे बोलायला लागले. दुकानाच्या भिंतीवर त्या दिवसांचा एकही फोटो नव्हता. कोणी ओळखलंच, तर बाई म्हणत, "ती माझी थोरली बहीण. मेली."

योशिनो तानिगुची दर गुरुवारी यायची. दातांच्या डॉक्टरकडे पुढच्या टेबलावर बसून पेशंटांना आत सोडायचं हे तिचं काम, आणि गुरुवारी दवाखाना बंद. आवाज असा की तव्याच्या चुरचुरीत बुडून जायचा. बाई तिला "ए मांजरी" म्हणत. एका गुरुवारी शेजारच्या स्टुलावर एक झिंगलेला ट्रकवाला येऊन बसला. आधी त्याने योशिनोच्या ताटातला तुकडा उचलला, मग तिच्या खांद्यावर हात टाकला.

बाईंनी दोन्ही उलथनी खाली ठेवली. जुनी गिऱ्हाईकं ताटं उचलून भिंतीला लागली.

पुढचं सगळं एका दमात झालं. एका हातात ट्रकवाल्याचा कान, दुसऱ्यात पट्टा. त्याचं नाक तव्याच्या इतकं जवळ गेलं की भुवया जळल्याचा वास सुटला. मग बाईंनी कंबर फिरवली आणि तो दाराच्या कापडी पडद्यासकट बाहेर गेला. समोर ओळीने सायकली उभ्या होत्या. पहिली पडली ती तिने दुसरीला घेतलं, दुसरीने तिसरीला, आणि तो खणखणाट कालव्यापर्यंत जाऊन थांबला.

बाई हात धुऊन आल्या. योशिनो उभी होती, दोन्ही मुठी छातीशी, डोळे डबडबलेले.

"लागलं का गं कुठं?"

"मावशी," योशिनो म्हणाली, "परत एकदा कराल?"

"तो पळाला की."

"मग मला करा."

बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तेव्हा योशिनोने पिशवी पुढे केली. तिच्यावर ताटलीएवढ्या जागेत एकाच बाईच्या चेहऱ्याचे बिल्ले खेटून लावले होते. निळं-काळं तोंड, गळ्यात साखळी, कपाळावर जखमांची जाळी.

"ही ओनिबारा," योशिनो म्हणाली. "'दोरांमधली फुलं' या अ‍ॅनिमे कार्टूनमधली. मावशी, तुम्ही तिच्यासारख्या दिसता, हे मी वर्षभर सांगीन सांगीन म्हणत होते. माझी हिंमतच झाली नाही."

बाईंनी बिल्ला डोळ्यांजवळ नेला. "ही चांगली की वाईट?"

"वाईट! कोहारु म्हणून हिरोईन आहे, तिचा पाय मोडते. पंचाला चावते. स्वतःच्या गुरूला जिन्यावरून ढकलते."

"मग लोक हिच्या घरावर दगड मारत असतील."

"दगड?" योशिनोला कळेना. "मावशी, तिच्या वाढदिवसाला आम्ही केक कापतो. गेल्या वर्षी ती वारली, तर मी कामावर रजा टाकली होती. डॉक्टरांना सांगितलं, आत्या गेली."

"वाईट बाईवर माया करता?"

"जीव टाकतो."

बाईंनी तव्यावरचं धिरडं उलटलं. आयुष्यात पहिल्यांदा हळूच उलटलं, त्यामुळे ते मोडलं.

"असली माणसं असतात कुठं?" त्यांनी विचारलं.

असली माणसं ऑगस्टअखेर बंदरावरच्या प्रदर्शनाच्या दालनांत जमणार होती. चाहत्यांनी चाहत्यांसाठी भरवलेला बाजार. स्वतः काढलेल्या चित्रकथांच्या पुस्तिका टेबलावर मांडायच्या, आवडत्या पात्रांचे वेश करून हिंडायचं. योशिनोचं तिथे अर्धं टेबल असायचं, आणि टेबलवालीला एक मदतनीस आत नेता यायचा.

"पण एक नियम आहे, मावशी. आत हात उचलायचा नाही. कोणावरच. मदतनीसाने हात उचलला तर टेबल जातं. कायमचं."

"अर्ध्या टेबलाची केवढी ती मिजास!"

"मला तेवढंच आहे," योशिनो म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच तव्याच्या वर आला. "दवाखान्यात लोक माझ्याकडे बघतात ते आपला नंबर कधी येतो म्हणून. घरी आई बघते ते लग्न कधी करतेस म्हणून. त्या टेबलापुढे उभे राहतात ते मी काय काढलंय ते बघायला. मावशी, ते गेलं तर मी कुठं जाऊ?"

बाईंनी आपले हात पाहिले. त्या हातांनी त्यांना अर्ध्या ओसाकातून हाकललं होतं.

"मागे बांधून ठेवीन," त्या म्हणाल्या.

फाटकावरच परीक्षा सुरू झाली. हातावर पट्टी बांधलेले स्वयंसेवक प्रत्येकाच्या तलवारी-भाले मोजपट्टीने मोजत होते आणि टोकं बोटाने दाबून बघत होते. एका धिप्पाड यमदूताचा स्पंजचा कोयता चार बोटं लांब भरला, तर तो "माफ करा, माफ करा" म्हणत जागेवरच कात्रीने कापू लागला. बाईंची पाळी आली. पट्टीवाली स्वयंसेविका वाकून म्हणाली,

"ताई, घरून वेश करून येता येत नाही. मेकअप आत, कपडे बदलायच्या खोलीत करायचा असतो."

"कसला मेकअप?"

"हा कपाळावरचा. फारच सुंदर जमलाय."

"हे कपाळ माझं आहे."

पट्टीवालीने ओला रुमाल काढला, "जरा हं" म्हणून कपाळ पुसलं. निघालं नाही. जोर लावला. तरी निघालं नाही. "गोंद कोणता वापरलात हो?" तिने मनापासून विचारलं. बाईंचा उजवा हात खांद्यापर्यंत गेला होता. योशिनो त्याला दोन्ही हातांनी लोंबकळली, आणि दोघी तशाच आत शिरल्या.

आत माणसांचा महासागर होता आणि कोणी कोणाला ढकलत नव्हतं. बाई चक्रावल्या. एवढी गर्दी जमूनही कुणाचा दात पडत नाही, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कागदाचा, शाईचा आणि घामाचा वास. रांगा सापासारख्या वळलेल्या, आणि धक्का लागला की दोन्ही बाजूंनी माफी. कपडे बदलायच्या खोलीत योशिनोच्या मैत्रिणींनी बाईंना घेरलं, तोंडाला निळा-काळा रंग फासला, गळ्यात रबराची साखळी अडकवली. ओनिबारा झालेली दुसरी एक पोरगी कमरेवर हात ठेवून त्यांना न्याहाळत होती.

"छान आहे, काकू. पण जखम चुकली. ओनिबाराची डावीकडे आहे, तुम्ही उजवीकडे काढलीत. पुढच्या वेळी चित्र समोर ठेवून करा."

"काट्याने भोसकणारी बाई डावखुरी होती," हात्सुएबाई म्हणाल्या.

"तसं कुठं सांगितलेलं नाहीये," पोरगी म्हणाली, आणि बाईंना वाद सोडून द्यावा लागला, कारण हात मागे होते.

दालनामागच्या उघड्या चौकात त्या जाऊन उभ्या राहिल्या मात्र, कॅमेरेवाल्यांचं कोंडाळं पडलं. दोघंतिघं पोटावर सरपटत पायांशी आली. बाईंच्या धंद्यात माणूस आडवा झाला की एक तर तो हरलेला असतो, नाही तर चावायच्या बेतात असतो. त्यांचा पाय उठला. "मावशी, ते फोटो काढतायत!" योशिनो ओरडली. पाय तसाच हवेत राहिला, खालून कडाकड बटणं वाजली, आणि तो फोटो त्या दिवसातला सगळ्यात गाजलेला ठरला.

मग एक किरकोळ अंगाचा चष्मेवाला पुढे येऊन लवला. "एक विनंती आहे. मला थोडं झापाल का? कामावर साहेब झापतो, पण त्यात मजा नाही."

"सुक्या बोंबला!" बाई गरजल्या. "गुडघे टेकून श्वास घेतोयस, लाज नाही वाटत? तुझ्या मणक्याची गाठ मारून तुझ्याच गळ्यात घालीन आणि त्या साहेबाच्या दारात टांगीन! घंटी म्हणून वाजेल!"

"फार फार आभारी आहे," चष्मेवाला म्हणाला. डोळे पुसत बाजूला झाला, आणि त्याच्या मागे रांग लागली. एक गरोदर बाई म्हणाली, "बाळालाही दोन शब्द." बाईंनी पोटातल्या बाळाला धमकावलं. घसा बसेपर्यंत त्यांनी सगळ्यांना हाडं मोडण्याची, आतडी काढण्याची, डोळ्यांच्या गोट्या करून खेळण्याची वचनं दिली, आणि प्रत्येक जण कमरेत वाकून आभार मानून गेला. एकानेही अंडं मारलं नाही.

दालनाच्या एका कोपऱ्यात ओनिबाराचं श्राद्ध मांडलं होतं. काळ्या फितीतला फोटो, बॅटरीची मेणबत्ती (जाळ चालत नाही), कागदी फुलं. काळे कपडे घालून आलेली माणसं खरोखर नाक ओढत होती. आपल्याच तोंडाच्या बाईला लोक हात जोडतायत, हे हात्सुएबाई बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनीही हात जोडले. आईला दाखवायला हवं होतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि तोंडावरचा निळा रंग दोन जागी ओघळला.

त्सुजिमोतो आला तो दुपार कलताना.

चाळिशीचा, इस्त्रीच्या पँटचा, कुठल्याशा कार्यालयात शिक्के मारत असावा असा माणूस. अंगावर पांढरा डगला आणि त्यावर गळ्यापासून कमरेपर्यंत कोहारुचे बिल्ले, एकाला एक लागून, चिलखतासारखे. योशिनोची पुस्तिका त्याने उचलली, चाळली, आणि मधल्या पानावर त्याची बोटं थांबली. त्या पानावर कोहारुने ओनिबाराचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या जखमांवर ओठ टेकले होते.

"हे तू काढलंस?"

"हो," योशिनो म्हणाली.

"माझ्या कोहारुचं तोंड... त्या डुकरिणीला?"

त्याने पुस्तिका उभी फाडली. मग दुसरी. मग टेबलाची कड धरून उचलली. पुस्तिका, पाण्याची बाटली, योशिनोने रात्रंदिवस खपून केलेला कापडी फलक, सगळं जमिनीवर आलं. योशिनो पुस्तिका वाचवायला वाकली, तर त्याने तिचं मनगट धरून पिरगाळलं. बारीक काडी मोडावी तसा आवाज झाला, आणि तिची किंकाळी.

हात्सुएबाई दोन टेबलं पलीकडे एकाला झापत होत्या. ते अर्धवट सोडून त्या आल्या. गर्दी बाजूला झाली. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं, आणि वडिलांच्या दुकानाच्या काचा कानात फुटल्या. हाच तो. चेहरा निराळा, पण हाच. गोड पोरीवर जीव टाकणारा आणि त्यापायी दुसऱ्याचं दुकान फोडणारा.

त्याची हनुवटी दार सताड उघडं ठेवून झोपलेल्या घरासारखी होती. एक फटका, आणि दात घशात.

"मावशी, नको!" योशिनो जमिनीवरून ओरडली. "टेबल!"

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि आपलाच पट्टा मुठीत धरला.

लोकांना वाटतं, आखाड्यातल्या दुष्ट बाईचं काम म्हणजे मारणं. मारता कोणालाही येतं. दहा हजार माणसांना नुसत्या तोंडाने पिसाळून सोडायचं, ही खरी विद्या. हात बांधलेले होते, पण तोंड मोकळं होतं.

"काय रे, शिक्के मारणाऱ्या," बाई प्रेमाने म्हणाल्या, "पोरीचं मनगट सापडलं, माझं नाही सापडत? ये की. तुझी ती कोहारु! नाकातून शेंबूड गळतो तिच्या आखाड्यात. पांढरे मोजे! तिचा डावा पाय मोडला ना, आता उजवा मोडीन. 'आई गं' म्हणून रडेल, आणि तू काय करशील? बिल्ला लावशील?"

"गप, म्हातारे!"

"बिल्लाच लावशील. तुझ्याच्यानं दुसरं होतंय काय?"

त्याने थोबाडीत मारली. पलीकडच्या वाटेवर पट्टीवाल्यांची धावपळ बाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपली. अजून लांब होते.

"मनगट ढिलं आहे," बाई म्हणाल्या. "कोहारुनेच शिकवलं वाटतं."

दुसरी बसली. ओठ फुटला. तिसऱ्याला त्याने लाथ घातली, ती नेमकी दुखऱ्या गुडघ्यावर. बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण त्या हलल्या नाहीत. पाठीमागे पट्ट्यावर त्यांची नखं तळव्यात रुतली होती. एक घ्यायचा, दोन द्यायचे. आतापर्यंतचे सहा झाले होते, आणि ते सहा त्यांच्या खांद्यांतून, दंडांतून, बोटांच्या पेरांतून बाहेर पडायला धडका देत होते.

त्सुजिमोतोने टेबलामागची घडीची खुर्ची उचलली. ती बघून बाईंना क्षणभर माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

"अरे गाढवा, अशी नको, कड लागून माणूस मरेल," त्या म्हणाल्या. "सपाट बाजू पुढे घे. हां."

खुर्ची खाली आली. आवाज छताला जाऊन परत आला. उजव्या बाजूची जुनी जाळी एका झटक्यात उसवली आणि रक्त निळ्या-काळ्या रंगातून, भुवईवरून, हनुवटीवरून रबराच्या साखळीवर टपटपू लागलं. बाया किंचाळल्या. श्राद्धाची माणसं धावत आली. त्याने परत खुर्ची उचलली.

"मारा त्याला!" योशिनो ओरडली. मोडकं मनगट छातीशी धरून ती उठली होती, आणि तिचा आवाज साऱ्या दालनात घुमला. "मावशी, मारा त्याला! जाऊ दे टेबल! मसणात गेलं टेबल! मारा!"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हात्सुए नेगोरोबाईंना मारायची परवानगी देत होतं, तीही गळा काढून. बाईंच्या मुठी पट्ट्यावरून सुटल्या, आणि पुन्हा पट्ट्यावर बसल्या.

दुसरी खुर्ची त्यांनी डोळे उघडे ठेवून घेतली. मग पट्टीवाले पोचले आणि सहा जण त्सुजिमोतोवर पडले.

पट्टीवाली बाईंसमोर धापा टाकत उभी राहिली. तीच फाटकावरची.

"ताई, बनावट रक्ताला मनाई आहे. फरशीला डाग पडतात."

"खरं आहे ते," बाई म्हणाल्या.

पट्टीवालीने ओला रुमाल लावला. तो लाल झाला. पुन्हा लावला. मग तिचा चेहराच पांढरा पडला आणि तिने खाली बसून घेतलं. दुसऱ्या पट्टीवाल्याने विचारलं, "हात कोणी उचलला?" त्याबरोबर शेकडो कॅमेरे त्याच्या नाकापुढे आले. प्रत्येक फोटोत बाईंचे हात पाठीमागे होते. टेबल राहिलं. त्सुजिमोतोला कायमची बंदी झाली. त्याला दोन्ही बगलांत धरून नेलं तेव्हा बिल्ल्यांचं चिलखत खणखणत होतं आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत होता.

बाईंचं कपाळ शिवून होईपर्यंत चाहत्यांत दोन तट पडले होते. एक म्हणे, ओनिबारा असा मुकाट मार कधीच खाणार नाही, हा तिच्या स्वभावाचा विपर्यास आहे. दुसरा म्हणे, तोंडाने पिसाळून समोरच्याला गोत्यात आणणं हा अस्सल ओनिबाराचा नीचपणा आहे. भांडण फारच सभ्य भाषेत आणि फारच कडाक्याचं झालं. इकडे कोणीतरी फरशीवरच्या पुस्तिका गोळा केल्या, कोणी फाटलेल्यांना चिकटपट्टी लावली, टेबल उभं केलं, आणि न सांगता रांग लागली. शेवटच्या माणसाने "रांगेचं शेपूट इथे" अशी पाटी डोक्यावर धरली. नवा माणूस आला की पाटी त्याच्या हातात. ती मागे मागे जात दालनाच्या दाराबाहेर गेली. लोक फाटक्याच प्रती मागत होते.

योशिनो झोळीतल्या हाताने बसली होती. रांगेकडे बघायचं सोडून ती बाईंकडे बघत होती.

"मी मारा म्हणाले होते," ती रागाने म्हणाली.

"ऐकलं मी."

"मग?"

"तुझं टेबल, तुझा हात. मोडायचंच असेल तर तू मोड. मी मदतनीस."

पुढच्या गुरुवारी योशिनो धिरडं डाव्या हाताने खात असताना दाराचा पडदा हलला. त्सुजिमोतो. साधा सदरा, एकही बिल्ला नाही. पत्ता त्याला कोणी दिला कोण जाणे. त्या फोटोनंतर बाईंचं दुकान लपलेलं नव्हतं. तो दारातच गुडघ्यांवर बसला आणि फरशीला कपाळ लावून योशिनोची माफी मागू लागला. बाईंची नाही. बाईंना तेवढी त्याची अक्कल आवडली.

"झालं?" बाईंनी उलथनी बाजूला ठेवली आणि बोटं मोडली. "आता माझे राहिलेत. पोलिसांत द्यायचं असेल तर तिने द्यावं, मला माझे देऊ दे. थोबाडीच्या दोन, लाथ एक, खुर्ची दोनदा. त्याचे दुप्पट. ऊठ. इथं पट्टीवाले नाहीत."

त्सुजिमोतो उठला. डोळे घट्ट मिटले. हनुवटी पुन्हा सताड उघडी.

"थांबा मावशी," योशिनो स्टुलावरून उतरली. "आधी माझा."

तिने मारली. डाव्या हाताने. माशी बसल्यासारखी.

"ही काय दातांची तपासणी आहे?" बाई खेकसल्या. "कोपरातून नाही, कंबर फिरव. पाय रोव. या माणसाने तुझं काय काय फाडलं ते आठव."

योशिनोने पाय रोवले. आठवलं. कंबर फिरली. आवाज असा निघाला की तव्याची चुरचुर ऐकू येईनाशी झाली. त्सुजिमोतो स्टुलावर, स्टूल सोया सॉसच्या बाटल्यांवर, आणि बाटल्या जमिनीवर.

योशिनो आपल्या तळव्याकडे बघत राहिली. तो लालभडक झाला होता.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग सॉसच्या थारोळ्यात बसलेल्या त्सुजिमोतोकडे, ज्याच्या गालावर पाच बोटं एकेक करून उठत होती. त्यांनी मोडलेली बोटं पुन्हा सरळ केली.

"माझे राहू देत," त्या म्हणाल्या. "याच्या गालावर माझ्यासाठी आता जागा उरली नाही. ऊठ, ती बादली घे, आधी फरशी पूस. मग बस. मांसाचं की माशाचं?"

"माशाचं," त्सुजिमोतो तोंडाच्या एका बाजूने म्हणाला.

त्याने फरशी पुसली, अर्धं धिरडं संपवलं. मग तो भीत भीत म्हणाला, "पण कोहारु तिला माफ करणार नाही. पाय मोडलाय तिचा."

"करील," योशिनो म्हणाली.

"नाही करणार."

"करील!"

"तिच्या स्वभावात नाही ते."

"तुम्हाला स्वभाव काय कळतो हो तिचा? मोजे बघत बसता नुसते!"

दोघंही उभे राहिले. बाईंनी तव्यावर उलथनं आपटलं. दोघंही बसले.

"गप्प खा," हात्सुएबाई म्हणाल्या. "आणि खाऊन झालं की त्या फोनवर पहिल्या भागापासून लावा. काय काय केलंय त्या बाईने, ते मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या."